७ ते ४५ पट झूमचा स्टिरिओ मायक्रोस्कोप: हेड उत्तम, स्टँड आणि दिवा तपासून घ्या

मोबाइल दुरुस्ती, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी), घड्याळं, नाणी, कीटक अशा कामांसाठी हल्ली एकच साचा जिकडेतिकडे दिसतो: ०.७ ते ४.५ झूमचं हेड (भिंगं असलेला वरचा भाग), १० पटीचे आयपीस (डोळ्याजवळची भिंगं; दोन्हींचा गुणाकार म्हणजे ७ ते ४५ पट), कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी आणि आडव्या दांड्याचा बूम स्टँड. नावं वेगवेगळी असली तरी आतली रचना तीच, ग्रीनो पद्धतीची. म्हणजे एकमेकांकडे किंचित कललेल्या दोन स्वतंत्र भिंगवाटा, प्रत्येक डोळ्याला एक. हे परीक्षण त्या अख्ख्या जोडणीचं आहे.

हेडला नावं ठेवायला फारशी जागा नाही. आयपीसचा फील्ड नंबर (त्यातून दिसणाऱ्या वर्तुळाचं माप, मिलिमीटरमध्ये) २० असेल तर त्याला हेडच्या झूमच्या आकड्याने (०.७ ते ४.५) भागा, वस्तूवर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिळतो: ७ पटीला सुमारे २८.५ मिलिमीटर, ४५ पटीला जेमतेम साडेचार. भिंगाखाली साधारण १० सेंटिमीटर जागा राहते. चिमटा त्यात आरामात चालतो, पण सोल्डरिंग आयर्न किंवा हॉट एअरचा नोझल आणला की अडचण होते. म्हणून हेडखाली आट्यांवर बसणारं ०.५ पटीचं जोडभिंग घ्याच. जागा दीडपटीहून जास्त वाढते, आणि मोठेपणा ३.५ ते २२.५ वर उतरला तरी बिघडत नाही, कारण हातकाम बहुतेक १० ते २० पटीतच होतं. २ पटीचं जोडभिंग किंवा २० पटीचे आयपीस जाहिरातीतला आकडा फुगवायला बरे. जोडभिंगाने निदान तपशील वाढतो, पण हाताला जागाच उरत नाही. आयपीस तर आहे तेच चित्र मोठं करून दाखवतो.

आता जुळणी. नव्या मायक्रोस्कोपबद्दल ‘झूम केलं की धूसर होतं’ ही जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होऊ द्या. दोन्ही डायॉप्टर (आयपीसवरची, त्या डोळ्यापुरतं फोकस बदलणारी कडी) शून्यावर ठेवा. छापील कागदासारखी सपाट वस्तू खाली ठेवून झूम पूर्ण वर, ४५ पटीला न्या आणि मोठ्या नॉबने फोकस करा. मग झूम पूर्ण खाली आणा. आता नॉबला हात लावायचा नाही; एकेक डोळा मिटून ज्या-त्या आयपीसचा डायॉप्टर फिरवून चित्र स्वच्छ करायचं. पुन्हा वर जाऊन तपासा, दोन फेऱ्यांत बसतं. क्रम उलटा केला तर बसत नाही, कारण कमी झूमला फोकसची खोली जास्त असल्याने नॉबची चूक लपून जाते आणि ४५ पटीला बाहेर येते. कॅमेराही असाच जुळवायचा: डोळ्यांचं फोकस झाल्यावर तिसऱ्या नळीची उंची कमी-जास्त करून. मध्ये छोटं करणारं भिंग नसेल तर पडद्यावर मधला तुकडाच दिसतो. अर्धा इंची सेन्सरला ०.५ पटीचा सी-माउंट ॲडॅप्टर (कॅमेरा नळीला जोडणारा, आत भिंग असलेला भाग) बरोबर बसतो.

ट्रायनॉक्युलर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेलं हेड, घेताना एक गोष्ट विचारून घ्या: कॅमेरा चालू असताना दोन्ही डोळ्यांना दिसतं का? काही हेडमध्ये दांडी ओढली की एका डोळ्याचा प्रकाश कॅमेऱ्याकडे वळतो. तसं असेल तर काम करता करता चित्रीकरण करायचा बेत विसरा.

खरी काटकसर दिसते ती स्टँडमध्ये. दांडा लांब काढला की ४५ पटीला टेबलाला लागलेला नुसता धक्काही चित्र थरथरवतो. पाया जड हवा, आणि आडव्या दांड्याखाली उभ्या खांबावर सुरक्षा-कडं घट्ट आवळलेलं हवं. नाहीतर मुख्य स्क्रू सैल झाला की सगळं हेड धाडकन खाली येतं. हेड आपोआप हळूहळू उतरत असेल तर बिघाड समजू नका. बहुतेक स्टँडमध्ये दोन्ही बाजूंचे फोकस नॉब एकाच वेळी उलट दिशांना पिळले की ताण वाढतो.

सोबत येणारा रिंगलाइट (भिंगाभोवती बसणारा गोल दिवा) कामचलाऊ. चकचकीत सोल्डरच्या जोडावर एलईडींची अख्खी माळ उमटते आणि तडा असला तरी त्या चमकेत बुडतो. बाजूने, अगदी तिरप्या, कमी कोनातून येणारा एक लवचिक दांडीचा दिवा लावा. सावली पडली की तोच तडा रेघेसारखा उठून दिसतो. मंद केल्यावर कॅमेऱ्यात पट्टे सरकू लागले तर दिवा पूर्ण तेजावर ठेवा आणि एक्स्पोजर कॅमेऱ्यातून कमी करा.

घेतल्या घेतल्या तपासायचा दोष म्हणजे दोन भिंगवाटांची फारकत. कागदावर फुली काढा, ४५ पटीला उजव्या डोळ्याने मध्यभागी आणा आणि डाव्याने पाहा. आडवा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात. उभा फरक असेल तर अर्ध्या तासात डोकं दुखतं. घरी उघडून तो जुळत नाही, सरळ बदलून मागा.

देखभाल फार नाही. फ्लक्सचा (सोल्डरिंगला लावायच्या रसायनाचा) धूर भिंगावर चिकट थर देतो, म्हणून खालच्या आट्यांवर साधी संरक्षक काच बसवा. या हेडना बहुधा ४८ मिलिमीटरचा फोटोग्राफीचा फिल्टर चालतो. पुसताना आधी हाताच्या ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्स पेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे. ॲसिटोन नको, रंग आणि प्लास्टिक जातं. ठिपका कुठे आहे ते कळायला आयपीस फिरवा: सोबत फिरला तर आयपीसवर, वस्तू सरकवल्यावर सरकला तर वस्तूवर, दोन्हींत जागचा हलला नाही तर खालच्या भिंगावर किंवा आत. आतला असेल तर त्याला तसाच राहू द्या, हेड उघडू नका. दमट हवेत प्लास्टिकचं आवरण घालून महिनोन्महिने ठेवल्यास भिंगावर बुरशी धरते. आवरणात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तिचा रंग बदलला की वाळवून किंवा बदलून पुन्हा ठेवा.