अपंगत्व लाभाचा दावा नाकारला गेल्यावर: अपील की नवा अर्ज?

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे (केंद्र सरकारच्या सामाजिक सुरक्षा यंत्रणेकडे) आलेल्या अपंगत्व लाभाच्या ज्या अर्जांवर वैद्यकीय निकषांनुसार निर्णय होतो, त्यांपैकी साधारण 60 टक्क्यांहून अधिक पहिल्याच टप्प्यावर नाकारले जातात. नकाराचे पत्र आल्यावर 60 दिवसांत अपील करावे की पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा, असा प्रश्न उभा राहतो. नवा अर्ज सोपा वाटतो, पण माझ्या मते बहुतेकांसाठी तो तोट्याचा ठरतो.

अपिलाची पहिली पायरी फेरविचाराची आणि ती खरोखरच खच्चीकरण करणारी आहे, कारण तेथे सात-आठ दाव्यांमागे जेमतेम एक मंजूर होतो. पहिला निर्णय देणाऱ्या राज्याच्या यंत्रणेतीलच दुसरा अधिकारी बहुतांशी कागदपत्रांवरूनच निर्णय देतो. पुढच्या पायरीवर, प्रशासकीय न्यायाधीशांपुढील सुनावणीत मात्र मंजुरीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. तेथे वेदना, थकवा, औषधांचे दुष्परिणाम हे सारे दावेदार स्वतः सांगू शकतो, आणि दरम्यानच्या काळातील उपचारांच्या नोंदीही जोडता येतात. तरीही या टक्केवारीवर भिस्त ठेवू नये; कमकुवत दाव्यांचे अनेक अर्जदार सुनावणीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे दोन टप्प्यांवरचे आकडे एकाच गटाचे नसतात.

नवा अर्ज पुन्हा त्याच पहिल्या टप्प्यावर जातो. शिवाय अपंगत्व विम्याची (पूर्वी केलेल्या कामाच्या आधारे मिळणाऱ्या लाभाची) थकबाकी, म्हणजे मागील काळाची रक्कम, अर्जाच्या तारखेपूर्वी जास्तीत जास्त 12 महिन्यांची मिळते, म्हणून अर्जाची तारीख पुढे गेली की थकबाकीही घटते. विमा संरक्षणासाठी साधारणपणे गेल्या 10 वर्षांत 5 वर्षांचे काम लागते. काम सुटून बराच काळ लोटला असेल, तर हे संरक्षण संपल्यानंतर बळावलेल्या आजाराचा उपयोग होत नाही. अपील प्रलंबित असताना त्याच प्रकारच्या लाभासाठी दुसरा अर्जही 2011 पासून सहसा स्वीकारला जात नाही.

कामातून होणारी मिळकत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे दावा फेटाळला गेला असेल आणि ते काम आता सुटले असेल, तर नवा अर्ज योग्य. न्यायाधीशांचा नकार अंतिम झाल्यावर नवा आजार उद्भवला किंवा वयाची 50 अथवा 55 वर्षे पूर्ण झाली (या वयांपासून निकष सौम्य होतात), आणि संरक्षण शिल्लक असेल, तरीही तोच मार्ग.

रुग्णालयात असल्यामुळे मुदत हुकली असेल, तर नवा अर्ज भरण्याआधी सबळ कारण देऊन उशिराचे अपील दाखल करून घेण्याची लेखी विनंती करावी.