स्लाइडशो एक्सपोर्ट: पाच महिने वापरलं, पण झूमची थरथर काही जात नाही

हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा एकच बघितलं होतं, दर महिन्याला पैसे भरायची कटकट नको, एकदा घ्या आणि वापरा. फोटो एडिटिंगबद्दल काही लिहीत नाही, ते चांगलंच आहे. लिहायचंय ते स्लाइडशोचा व्हिडिओ करण्याबद्दल, म्हणजे एक्सपोर्टबद्दल, कारण घरातले जुने फोटो स्कॅन करून सगळ्यांना टीव्हीवर दाखवायचे होते आणि त्यातच माझ्या कितीतरी रात्री गेल्या.

पहिला व्हिडिओ केला 180 फोटोंचा. प्रत्येकी 6 सेकंद म्हणजे 18 मिनिटं, त्या हिशोबाने गाणी लावली आणि व्हिडिओ निघाला 15 मिनिटांचा, शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलं. नंतर कळलं की 1 सेकंदाचा क्रॉसफेड, म्हणजे एक फोटो विरत जाताना दुसरा उमटतो तो भाग, दोन फोटोंच्या मध्ये एकमेकांवर चढतो, त्यामुळे प्रत्येक जोडाला एक सेकंद कमी होतो. ही माझी चूक, सॉफ्टवेअरची नाही, उलट त्यात गाण्याच्या लांबीप्रमाणे फोटोंची वेळ बसवायची सोय आहे ती फारच छान चालते.

खरं दुखणं झूमचं आहे. आजीचा एक फोटो आहे खिडकीपाशी बसलेला, मागे उभे गज. त्याला हळू झूम लावला, प्रीव्ह्यूमध्ये अगदी लोण्यासारखा. व्हिडिओत मात्र सगळे गज थरथरतात. टीव्हीवर ते इतकं दिसतं की बघणारा आजीकडे बघतच नाही.

सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. केला. परत लिहिलं, परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा मी व्हिडिओ एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवून बघितला आणि तेव्हा प्रकार लक्षात आला. तीन फ्रेम चित्र जागचं हलत नाही आणि चौथ्याला एकदम उडी मारतं. हिशोब साधा आहे, 1920 पिक्सेल रुंदीत 5 टक्के झूम म्हणजे दोन्ही कडांना 48-48 पिक्सेल सरकायचे, आणि सेकंदाला 30 च्या वेगाने 6 सेकंदात फ्रेम होतात 180, म्हणजे एक पिक्सेल सरकायला जवळपास 4 फ्रेम. मधल्या फ्रेमना अर्धापाव पिक्सेल सरकवायला हवं तिथे हे एक्सपोर्ट पूर्ण पिक्सेलवरच थांबतं. हे सगळं स्क्रीनशॉटसकट पाठवलं, त्यावर फक्त नोंद घेतली आहे एवढंच आलं, त्याला आता दोन महिने झाले. पैसे पूर्ण घेतलेत तर निदान नीट वाचा तरी, एवढीच अपेक्षा होती.

मग मी सेकंदाला 60 फ्रेमवर केला, वाटलं आता गुळगुळीत होईल. काही फरक नाही, तोच पिक्सेल आता 7-8 फ्रेम थांबतो. फाइल मात्र फुगली.

इथे माझं मत थोडं बदललं ते सांगतो. गेल्या महिन्यात 4के मध्ये, म्हणजे 3840 बाय 2160 ला एक्सपोर्ट केलं आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या फुकट प्रोग्रामने परत 1920 बाय 1080 वर आणला, तर उडी निम्मी झाली आणि बहुतेक फोटोंत थरथर जाणवेनाशीच झाली. म्हणजे अगदी टाकाऊ नाही, मी रागाच्या भरात काढूनच टाकणार होतो. पण वेळ दुप्पट जातो आणि 40 एमबीपीएसला (सेकंदाला 40 मेगाबिट) 15 मिनिटांची फाइल साडेचार जीबीची होते, ती पेनड्राइव्हवर जाईना, कारण तो फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही. म्हणून 4के ची फाइल कॉम्प्युटरवरच ठेवा, टीव्हीला लहान केलेलीच द्या.

आणि एक, एक्सपोर्ट चालू असताना लॅपटॉप झोपू देऊ नका. माझा एकदा 90 टक्क्यांवर थांबला आणि तेवढी एमपी4 फाइल उघडलीच नाही, कारण व्हिडिओची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते. दीड तास गेला.

कोणाला फक्त फोटो आणि साधा क्रॉसफेड हवा असेल तर डोळे मिटून वापरा, रंग टीव्हीवर जसेच्या तसे येतात. बारीक रेघा असलेल्या फोटोला झूम लावायचा असेल तर आधी एकाच फोटोचा 10 सेकंदांचा व्हिडिओ काढून बघा. आजीच्या फोटोत 4के करूनही गज जरासे हलतच होते, त्यामुळे तिथला झूम मी काढूनच टाकला, आता तो 6 सेकंद स्थिर राहतो.