जेकब की सँडेमन? सरहद्दीवर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्या आणि ब्रिटिश कारभार यांवर प्रबंध लिहायचं ठरवलं, की थोड्याच दिवसांत बलुच बाजूची दोन नावं समोर उभी राहतात: वरच्या सिंधचा जॉन जेकब आणि बलुचिस्तानचा रॉबर्ट सँडेमन. दोघांना एकाच प्रबंधात नीट न्याय देणं एम. ए.च्या मुदतीत जमत नाही. मी दोघांची टिपणं काढली, आठ-नऊ महिने सँडेमनच्या मागे गेलो आणि शेवटी एकालाच ठेवलं. तो अनुभव इथे मांडतो. तुमचं मत वेगळं पडू शकतं.

पंजाबची ‘बंद सरहद्द’, म्हणजे सरहद्दीपलीकडच्या टोळ्यांत न शिरण्याचं धोरण, हा तिसरा पर्याय आहेच. दंड, नाकेबंदी, मोहीम आणि पुन्हा दंड. त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की नव्या विद्यार्थ्याला पाय ठेवायला जागा शोधावी लागते. म्हणून तो बाजूला ठेवतो.

कथा म्हणून पाहिलं तर सँडेमन सरस आहे, हे आधीच मान्य करतो. १८६६ मध्ये हा माणूस डेरा गाझी खानचा डेप्युटी कमिशनर झाला. पुढच्याच जानेवारीत गुलाम हुसेन बुगटीची मोठी टोळी हरंदवर चालून आली आणि मारली गेली. अधिकाऱ्याने सरहद्द ओलांडायची नाही असा पंजाबात दंडक असताना सँडेमनने पलीकडच्या बुगटी आणि मरी या बलुच टोळ्यांच्या तुमनदारांशी (प्रमुखांशी) थेट बोलणी सुरू केली, त्यांच्या स्वारांना पगारावर घेतलं. १८७१ ची मिठनकोटची परिषद, कलात या बलुच संस्थानाच्या खानाशी बोलायचं की त्याच्या सरदारांशी यावरून सिंधचा कमिशनर विल्यम मेरेवेदर याच्याशी झालेला उघड संघर्ष, खान आणि सरदार यांच्यातला १८७६ चा मस्तुंगचा समझोता, १८७७ मध्ये बलुचिस्तानात गव्हर्नर जनरलचा एजंट म्हणून नेमणूक. प्रकरणं आपोआप पडत जातात. मेरेवेदर हा जेकबच्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे दोन परंपरांची झुंज आयती मिळते. आजच्या बलुचिस्तानात सरदार इतके बळकट का, हा प्रश्न तुम्हाला छळत असेल तर सँडेमन टाळून चालणारच नाही.

मग मी त्याला का सोडलं? कारण तसं एकच.

सँडेमनच्या पद्धतीचा गाभा म्हणजे टोळीला पैसा आणि नोकरी द्यायची आणि बदल्यात शांततेची जबाबदारी टोळीवर टाकायची. प्रत्यक्षात ती रक्कम सरदाराच्या नावे लागते. तो इतके स्वार पुरवणार, अमुक ठाण्यावर ते राहणार, इतकं कागद सांगतात. ते स्वार कोण, कुणाच्या घरातले, पगार त्यांच्या हातात पडत होता का, सरदाराशी ज्याचं वाकडं होतं त्याचं काय झालं, हे शोधायला मी प्रत्येक वेळी नव्या आशेने बसायचो आणि प्रत्येक वेळी कागद सरदाराच्या ओसरीवर येऊन थांबायचा. पुढे दार बंद. जिरग्याच्या, म्हणजे टोळीच्या पंचायतीच्या, निकालातही तेच. खुनाचा मोबदला किती ठरला ते कळतं, कोणते सरदार आणि मलिक (पठाणांतले मुखिया) बसले ते कळतं, पण ज्याचा भाऊ गेला त्याला तो मोबदला मान्य होता की मान्य करायला लावला गेला, ते कळत नाही. दोन-चार वेळा हे चालतं. महिनोनमहिने तेच घडलं की आपण टोळ्यांचा अभ्यास करतो आहोत की सरदारांच्या तनख्याचा, असा प्रश्न पडतो.

हा केवळ कागदांचा दोष नव्हता, हे मला उशिरा उमगलं. पद्धतच तशी होती, आणि जिथे सरदार नव्हते तिथे ती उघडी पडली. १८८९–९० मध्ये सँडेमन बलुचिस्तानच्या उत्तरेकडच्या झोबमध्ये उतरला, अपोझाईला त्याच्याच नावाचा किल्ला झाला. काकड पठाणांत बलुचांसारखे वंशपरंपरेचे जबर सरदार नव्हते, म्हणून मलिकांना पगार देऊन वजन देण्यात आलं. सँडेमन १८९२ मध्ये लासबेल्यात वारला. त्याच्या तालमीत वाढलेला रिचर्ड ब्रूस तीच रीत वझिरीस्तानच्या महसूद या पठाण टोळीत चालवत होता. १८९३ मध्ये झोबमध्ये बांधकाम खात्यातल्या एका अधिकाऱ्याचा खून झाला. महसूद मलिकांनी आरोपी इंग्रजांच्या हवाली केले, जिरग्याने शिक्षा दिली आणि त्या मलिकांपैकी तिघांना त्यांच्याच लोकांनी मारलं. नोव्हेंबर १८९४ मध्ये वझिरीस्तानातल्या वानाच्या इंग्रज छावणीवर महसुदांनी हल्ला केला. सँडेमनच्या कागदांत जो माणूस मला कधी भेटला नाही, तो इथे एकदम दिसला. त्याने आपलं मत ज्या रीतीने दिलं, त्याने मी हादरलो.

आता जेकब. मुंबई तोफखान्याचा अधिकारी. जानेवारी १८४७ मध्ये सिंध हॉर्स हे घोडदळ घेऊन खानगढला आला. तेच पुढे जेकबाबाद झालं. १८५८ च्या डिसेंबरात तिथेच वारला, तिथेच पुरला. त्याचं धोरण सँडेमनच्या नेमकं उलट: सरदाराला तनखा नाही, टोळीला सामूहिक दंड नाही, सरकारी नोकर सोडून कुणी हत्यार बाळगायचं नाही, आणि लूट ती लूट, मग ती पलीकडच्या बुगट्याने केलेली असो की आपल्या हद्दीतल्या जाखरानी बलुचाने. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटतं. तो येण्याआधी आपल्या बाजूच्या बलुचांनी पलीकडे जाऊन केलेली लूट जवळजवळ शौर्यात मोडत होती. सिंध जिंकणाऱ्या चार्ल्स नेपियरच्या काळात तर बुगट्यांना बहिष्कृत ठरवून माणशी दहा रुपये इनाम लावलं होतं. जेकबने ते इनाम रद्द करून घेतलं.

याचा अर्थ तो मवाळ होता असा घेऊ नका. १८४७ च्या ऑक्टोबरात याच मेरेवेदरने सिंध हॉर्सच्या १३३ स्वारांनिशी बुगट्यांच्या टोळीला मोकळ्या मैदानात गाठलं, आणि पाचशेहून अधिक माणसं मारली गेली. तो आकडा वाचला त्या दिवशी मला पुढचं पान उलटवलं नाही. पण त्यानंतरचे कागद जमिनीकडे वळतात: बेगारी नावाच्या कालव्याचं रुंदीकरण, रस्ते, झाडं, आणि हत्यारं काढून घेतलेले जाखरानी नि डोंबकी नांगराला लागलेले. कोणत्या वाडीपर्यंत पाणी पोचलं, कुठे पेरा वाढला, असे धागे धरून तुम्ही सरदाराच्या मागे असलेल्या माणसापर्यंत थोडंफार जाऊ शकता. पूर्ण नाही, पण दार किलकिलं आहे.

जेकबच्या उणिवाही सांगतो. सगळं त्याच्याच लेखणीतून येतं, आणि ती लेखणी आग्रही आहे. आपली पद्धत बरोबर आणि पंजाबची चूक, हे तो पानोपानी ठासतो. बलुच आवाज तिथेही नाहीच. शिवाय वरच्या सिंधला लागून असलेलं कच्छीचं पटांगण घोडदळाला सोपं होतं, सँडेमनला सुलेमानचे डोंगर होते; दोघांचं यश एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे. आणि जेकबला सरहद्दीवर स्वस्थ बसणारा समजू नका. १८५४ मध्ये कलातच्या खानाशी सालीना पन्नास हजारांचा तह त्यानेच केला, १८५६ मध्ये क्वेट्टा घ्या म्हणून त्यानेच गव्हर्नर जनरल कॅनिंगला सुचवलं. कॅनिंगने नाकारलं, आणि वीस वर्षांनी सँडेमन तिथे पोचला.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक बाब. सिंध १८४७ ते १९३६ मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे जेकबच्या काळचा पुष्कळ पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहता येतो. सँडेमनचे धागे लाहोर, क्वेट्टा, दिल्ली आणि लंडनमध्ये विखुरलेले. त्यातल्या पहिल्या दोन ठिकाणी आपल्याला जाणं किती कठीण, ते वेगळं सांगायला नको. मुंबईत एक सावधगिरी बाळगा: कच्छी मैदान आणि गुजरातचा कच्छ इंग्रजी कागदांत जवळजवळ एकाच स्पेलिंगने येतात, आणि दोन्हींचा पत्रव्यवहार मुंबईशीच. खंड मागवण्याआधी आजूबाजूची गावं तपासा. मरी, बुगटी, जाखरानी यांची स्पेलिंगंही लिहिणाऱ्यागणिक बदलतात. पहिल्या दिवसापासून त्यांची वही ठेवा.

खानदेशातल्या कुणाला याहून जवळचा दरवाजा हवा असेल तर जेम्स आउट्रम पाहा. १८२५ पासून धरणगावात भिल्ल पलटण उभारणारा हाच माणूस पुढे सिंधमध्ये राजकीय अधिकारी झाला, आणि जेकबला सिंध हॉर्सवर आणणाराही तोच. एकीकडे लुटारू ठरवलेल्या भिल्लांना पलटणीत घेतलं, दुसरीकडे लुटारू ठरवलेल्या जाखरानींच्या हातातली हत्यारं काढली. या दोन वाटांवर स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल असं मला अजून वाटतं.

तुमचे गाईड सँडेमनचा आग्रह धरत असतील तर त्यांच्याकडेही सबळ कारणं असणार. मुदत लांब असेल आणि दिल्लीत सहा महिने राहता येत असेल तर जरूर घ्या. एरवी, विषय पक्का करण्याआधी दोन दिवस मुंबईत काढा आणि १८४७ सालचे वरच्या सिंधचे कागद मागवा. त्या दहा रुपयांच्या इनामाचा पत्रव्यवहार आधी वाचा.