हॅरो बरोचं निकालपत्र: आकडे चोख, वाचणं किचकट

लंडनच्या हॅरो बरोच्या, म्हणजे तिथल्या एका स्थानिक पालिकेच्या, मे २०२२च्या निवडणुकीचा निकाल एका ओळीत मावतो: ५५ जागा, कॉन्झर्व्हेटिव्ह ३१, लेबर २४. २०१८ला ६३पैकी ३५ लेबरच्या होत्या, म्हणजे सत्तापालट. खरा माल मात्र वॉर्डनिहाय निकालपत्रात आहे, आणि तो फुकट मिळतो.

घोळ होतो तो टक्केवारीत. इथे काही वॉर्डांतून तीन नगरसेवक निवडले जातात, काहींतून दोन. मतदाराला जागांइतक्या फुल्या मारता येतात. समजा, तीन जागांच्या वॉर्डात ४,००० मतपत्रिका पडल्या आणि उमेदवाराला २,४०० मतं मिळाली. एकूण १२,००० मतांनी भागलं तर २० टक्के दिसतात. प्रत्यक्षात त्याला ६० टक्के मतदारांनी पसंती दिलेली असते. शिवाय बरेच जण तिन्ही मतं वापरत नाहीत. म्हणून पक्षांची तुलना करताना प्रत्येकाचा सर्वाधिक मतांचा उमेदवार धरावा.

बाद मतांचा रकाना कारणांसकट असतो, हे फार आवडलं. जास्त फुल्या, कोरी मतपत्रिका, ओळख पटेल असं लिखाण, सगळं वेगवेगळं. २०१८पर्यंत प्रत्येक वॉर्ड तीन जागांचा होता. दोन जागांच्या वॉर्डात जुन्या सवयीने तिसरी फुली मारली की अख्खी मतपत्रिका बाद. तिथला हा आकडा आधी बघावा.

उणीव एकच, पण मोठी: जुन्या-नव्या वॉर्डांची तुलना करता येत नाही. २०२२ला सीमा बदलल्या, नाव तेच असलं तरी गल्ल्या त्याच असतील असं नाही.