डोंगल घ्यावा की केबल ओढावी?

फोंड्याच्या भाचीचा लॅपटॉप मीटिंगमध्ये सारखा वायफाय सोडतो. आधी बघ, त्याच जागी मोबाइलचं वायफाय नीट चालतं का? चालत असेल तर दोष लॅपटॉपचा. वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट कर, वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद कर. तरीही रडला तर यूएसबी वायफाय डोंगल, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून खोचायचा छोटा वायफाय रिसीव्हर. खर्च थोडा, लावायला दोन मिनिटं, बॅगेतून पणजीलाही नेता येतो.

पण मोबाइलही अडखळत असेल तर डोंगलचा फारसा उपयोग नाही. जुन्या घरातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड २.४ गिगाहर्ट्झवाल्याच्या आधीच गुडघे टेकतो. तिथे राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबलच. १०० मीटरपर्यंत बिनघोर. भिंतीला भोक पाडायला माणूस मिळवणं, ती खरी डोकेदुखी! पातळ लॅपटॉपला लॅन केबलचं पोर्ट नसेल तर अडॅप्टर वेगळा.

एका टेबलावर बसून काम असेल तर केबल, खोल्या बदलत फिरायचं असेल तर डोंगल.