वालचंद मिळेल का? ॲप, समुपदेशक आणि कटऑफची यादी

भाचीचा इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी साताऱ्याहून ताईचा फोन आला. "अरे, हिला सांगलीला वालचंद कॉलेजमध्ये कॉम्प्युटर लागेल का रे?" पुढच्या दोन दिवसांत या एका प्रश्नाला तीन उत्तरं मिळाली आणि तिन्ही वेगळी निघाली. तुमच्याही घरात हेच चाललं असेल, म्हणून आमचा अनुभव लिहितो.

पहिलं उत्तर मोबाइलवरच्या प्रेडिक्टरचं, म्हणजे कुठलं कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणाऱ्या ॲपचं. पर्सेंटाइल टाकलं, हिरव्या अक्षरांत "शक्यता जास्त" आलं. कुठल्या वर्षाच्या, कुठल्या फेरीच्या आकड्यांवरून, ते कुठेच दिसेना. आपल्या ध्यानीमनी नसलेल्या कॉलेजांची नावं कळतात, एवढ्यासाठी ॲप जरूर वापरा. त्यावर निर्णय मात्र घेऊ नका.

दुसरं उत्तर फी घेणाऱ्या समुपदेशकाचं. त्यांनी तयार यादी हातात दिली, त्यात हमखास मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरवर! मला याचा फार राग आला, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो पक्का धरला जातो आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात. कागदपत्रांची अडचण असेल, जात पडताळणी किंवा नॉन-क्रिमीलेअरचं काही अडलं असेल, तर जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावाच. पण त्यासाठी आधी प्रवेशाच्या सुविधा केंद्रात जाऊन विचारा.

तिसरा मार्ग वेळखाऊ आहे, पण माझा भरवसा त्यावरच आहे. ही प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या जुन्या कटऑफ याद्या, म्हणजे कुठल्या जागेवर शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला त्या, काढायच्या आणि स्वतः वाचायच्या. मी वालचंद आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि पट्टी ठेवून एकेक ओळ बघितली. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर मेरिट क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. सगळे कंसातला आकडा बघतात. तुम्ही वरचा बघा. 98 पर्सेंटाइल म्हणजे तीन लाख मुलांत सुमारे 6,000 जण पुढे, चार लाखांत 8,000. पर्सेंटाइल तेच, रांगेतली जागा मात्र मागे गेली. शिवाय मेरिट यादीत प्रवेशासाठी नोंदणी केलेलीच मुलं असतात. म्हणून अंतिम मेरिट क्रमांक हातात आल्याशिवाय खरा अंदाज बांधता येत नाही.

रकान्यांवरची अक्षरंही समजून घ्या. सुरुवातीला 'जी' म्हणजे सर्वांसाठी, 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव. मुलीला दोन्हीकडून जागा मिळू शकते, त्यामुळे तिने दोन्ही रकाने बघायचे. शेवटचं अक्षर 'एस' असेल तर राज्यस्तरीय जागा, 'एच' असेल तर ते कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे तिथल्या मुलांसाठी, 'ओ' असेल तर बाहेरच्यांसाठी. सातारा-सांगलीच्या मुलांचं विद्यापीठ शिवाजी, त्यामुळे पुण्यातल्या बऱ्याच खासगी कॉलेजांत आपल्याला 'ओ'चा रकाना लागू होतो. ताई 'एच' बघून खूश झाली होती! टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिकवणी शुल्क माफ असलेल्या, जागा मोजक्या, तिथला कटऑफ साधारण खुल्यापेक्षा चढाच असतो.

एकाच वर्षावर विसंबू नका, निदान तीन वर्षं शेजारी ठेवा. 2025 ला कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या, 2024 ला तीन होत्या. त्यामुळे तिसरी फेरी तिसरीशी ताडून बघू नका. पहिली पहिलीशी आणि शेवटची शेवटचीशी लावून बघा.

आम्ही क्रमांक लावून बघितला तेव्हा वालचंदचं कॉम्प्युटर काठावर दिसलं, इलेक्ट्रॉनिक्स आवाक्यात, कराड सहज. ताई म्हणाली, "वालचंद वर टाकलं आणि नाही मिळालं, तर कराड जाईल ना हातचं?" नाही जात. यंत्रणा मेरिट क्रमांकाने एकेका मुलाकडे येते आणि त्याचे पर्याय वरून खाली तपासते. वरचा मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. भाचीने पहिलं वालचंद कॉम्प्युटर टाकलं, दुसरं वालचंद इलेक्ट्रॉनिक्स, तिसरं कराड.