सक्करदऱ्याचा रेडियमवाला: भाव जास्त, पण हिशोब कागदावर

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या या स्टिकरवाल्या दुकानाचा स्क्वेअर फुटाचा भाव ऐकला की कोणीही म्हणेल, "काऊन जी, सोन्याचा वर्ख लावता काय?" मीही तेच म्हणालो. माझा कूलरचा धंदा आहे. लोखंडी बॉडीचे, वाळ्याच्या ताट्यांचे डेझर्ट कूलर आम्ही हिवाळ्यात बनवायला घेतो आणि मार्चपासून विकतो. प्रत्येक बॉडीवर आमच्या नावाचं स्टिकर लागतं. महालात एका ठिकाणी 28 रुपये फूट सांगितले होते, यांनी 65 सांगितले.

फरक कशाचा विचारलं, तर दुकानवाल्या भाऊंनी पॅड ओढून आकडेच मांडले. स्टिकर 6 बाय 4 इंच, नग 300. नुसता गुणाकार केला तर एका फुटात सहा बसतात, म्हणजे 50 फूट. पण कटर फिरायला प्रत्येक स्टिकरभोवती जागा सोडावी लागते, रोलच्या दोन्ही कडाही वाया जातात, म्हणून त्यांनी 60 फूट धरले. 65 रुपयांत छपाई, वरून लॅमिनेशन आणि हाफ कट. म्हणजे स्टिकर कापलेलं, मागचा कागद अख्खा; पोरगा नखाने सोलतो आणि लावतो. एक नग 13 रुपयांना पडला. 28 रुपयांत नुसती छपाई होती. लॅमिनेशन नाही, कटिंग नाही, कात्री घेऊन आमचं आम्ही बसायचं. सीझनमध्ये कात्री धरायला माणूस आणू कुठून?

कमी नग घेणाऱ्याला मात्र इथे महाग पडतं. 30 नगांचे 6 फूट, म्हणजे 390 रुपये व्हायला हवेत, पण यांचं कमीत कमी बिल 500 चं आहे. फाईल लावणं, रोल चढवणं, कटरच्या खुणा जुळवणं, एवढं काम 30 नगांनाही तेवढंच, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. समोर स्कूटीसाठी एकच स्टिकर करायला आलेल्या पोराला नव्हतं पटलं, तो बडबडत निघून गेला.

दुसरा फरक मालाचा. स्टिकरचं प्लास्टिक म्हणजे विनाईल. स्वस्त विनाईल मोनोमेरिक असतं. ते उन्हात आकसतं. त्याच्या वरचं पॉलिमेरिक, ते कमी आकसतं. आणि गाडीच्या गोलाईवर बसणारं कास्ट सगळ्यात महाग. हे तोंडाने सगळेच सांगतात. यांनी दुकानाच्या शटरवर, दुपारनंतरचं ऊन थेट पडतं त्या बाजूला, पहिल्या दोन्ही मालांचे तुकडे चिकटवून ठेवले आहेत. स्वस्त तुकड्याच्या चारही बाजूंनी गोंदाची पट्टी उघडी पडली आहे, तिच्यावर धूळ बसून काळी किनार झाली आहे, आणि लॅमिनेशन नसल्यामुळे लाल रंग गुलाबी पडला आहे. शेजारचा पॉलिमेरिक, लॅमिनेशनवाला, अजून नीट आहे. आमचा कूलर मे महिन्यात 45 डिग्रीत खिडकीबाहेर स्टँडवर उभा असतो, वरून पाण्याचे शिंतोडे, त्याचे पांढरे क्षार, आणि ते घासून काढणारी घरची मंडळी. शटर बघितल्यावर मी भावावर वाद घातला नाही.

घाई असेल तर जाऊ नका. छापलेला माल ते दुसऱ्या दिवशीच लॅमिनेट करतात. शाईतलं सॉल्व्हेंट उडून जायच्या आत वर फिल्म चढवली की खालचा गोंद नरम पडतो आणि कडा उठतात. "आत्ताच्या आत्ता द्या" म्हणणाऱ्याला सरळ दुसरीकडे पाठवतात.

छोटा हत्तीच्या बाजूला नाव टाकायचं काम पण दिलं. इथे छपाई नाही, एकरंगी विनाईल प्लॉटरवर, म्हणजे कापायच्या मशीनवर, कापून अक्षरं. भाव अक्षरांच्या क्षेत्रफळावर नाही, शब्दाभोवतीच्या चौकटीवर लागतो. मधला रिकामा विनाईल शेवटी सोलून फेकायचाच असतो आणि सोलायलाच जास्त वेळ जातो, तेव्हा ठीक आहे. खरं कसब मराठी अक्षरांत दिसलं. फाईलमध्ये अक्षरं एकात एक वितळवली नाहीत, तर प्लॉटर शिरोरेखा प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर कापत जातो आणि उन्हात तिथूनच तुकडा उचलला जातो. कापायच्या आधी त्यांनी स्क्रीनवर मला बाह्यरेषा दाखवली, एकसंध. "कूलर्स"चा रफार बारीक होता, तो विचारून जाड केला. अक्षरं उचलून गाडीवर लावायच्या चिकट कागदावर, म्हणजे मास्किंगवर, अनुस्वाराचं टिंब सोबत उचललं गेलं की नाही, हे कारागीर वाकून बघत होता.

आता तक्रार. गाडीवरचं जुनं स्टिकर हीट गनने काढायचे आणि गोंद पुसायचे 400 रुपये शेवटी बिलात दिसले, आधी कोणी बोललं नव्हतं. पेस्टिंगचे, म्हणजे चिकटवायचे पैसे वेगळे, हे सांगितलं होतं; जुनं काढायचे नाही. विचारल्यावर 100 कमी केले, पण मुद्दा तो नाही. सगळा हिशोब कागदावर मांडणाऱ्या माणसाने हाही आकडा त्याच कागदावर लिहायला हवा होता. दुकानात रेटचा बोर्डही नाही. डिझाईनमध्ये दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीपासून पैसे, हेही बाजूला बसलेल्या गिऱ्हाईकाकडून कळलं.

चार स्टार. जाताना नावाची फाईल श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून न्या, नाहीतर मात्रा सरकतात. जुनं स्टिकर काढायचं असेल तर त्याचा भाव आधीच पॅडवर लिहून घ्या. आणि सांगितलेल्या भावावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. माझे स्टिकरचे 3900 होते, बिल 4602 चं झालं.